रक्तातला आकडा, छातीतली गाठ

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाची फाइल जाड असते. एक्स-रे, सीटी स्कॅन, बायोप्सी असे बरेच काही तिच्यात असते. पण घरच्यांचे डोळे खिळतात ते रक्ताच्या अहवालातल्या ठळक अक्षरांवर. एलडीएच अमुक इतके, आणि पुढे वर जाणारा बाण. स्कॅनची भाषा कळत नाही, बाण मात्र सगळ्यांना कळतो.

वसई-विरार पट्ट्यात असे कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही आणि उपचाराचा सल्ला देत नाही. जीवरसायनशास्त्र मी पुस्तके आणि शोधनिबंध वाचत, भेटेल त्या जाणकाराला विचारत शिकलो. कागदावरचा शब्द काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढे मात्र उलगडून दाखवता येते. लोकांचे प्रश्न साधारण तीनच असतात. पहिला, "काका, हा आकडा वाढलाय म्हणजे कॅन्सरच ना?" दुसरा, "मग आता किती दिवस?" तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो: "याच्यावरून औषध कोणते ते ठरेल का?"

रोग आहे का, पुढे काय होईल आणि कोणते औषध लागू पडेल, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगात खुणा म्हणून पाहिली जाणारी विकरे यांतल्या एखाद्याच प्रश्नाचे उत्तर देतात. एका प्रश्नासाठी असलेला आकडा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचला की घरात नाहक घबराट तरी होते किंवा खोटा दिलासा तरी मिळतो. दोन्हींची किंमत रुग्ण मोजतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ८० हजार जणांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ७५ हजार जण त्याने दगावतात. हे दोन आकडे इतके जवळ आहेत, याचे एक मोठे कारण म्हणजे रोग उशिरा हाती लागतो. म्हणून योग्य कागदाला योग्य प्रश्न विचारणे महत्त्वाचे.

विकर म्हणजे काय

शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हटले आहे, तेच प्रयोगशाळेच्या कागदावर एन्झाइम म्हणून येते. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई लावतात. पपईच्या चिकातले विकर मांसातल्या प्रथिनांचे धागे तोडते. स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन म्हणजे विकर. आपल्या प्रत्येक पेशीत अशी हजारो विकरे असतात. साखर जाळणे, प्रथिने बांधणे, पेशी दुभंगून दोन करणे, या सगळ्या कामांवर त्यांची नेमणूक असते.

कर्करोगाची गाठ म्हणजे आवरता न येणारी वाढ, आणि वाढ विकरांशिवाय होत नाही. म्हणून गाठ वाढताना तिची विकरे कुठेतरी खूण ठेवणारच, असे संशोधकांना वाटले. ते बरोबरच होते. पण ही खूण दोन प्रकारची असू शकते. एका प्रकारात विकर नेहमीचेच असते, फक्त त्याचे प्रमाण वाढते. दुसऱ्या प्रकारात विकराची घडणच बदलते. पहिल्या प्रकारात आपण किती आहे ते मोजतो, दुसऱ्यात कसे आहे ते पाहतो. पुढचे सगळे या फरकावर उभे आहे.

एलडीएच: गर्दी दिसते, कारण दिसत नाही

एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज. साखर जाळताना पेशीत पायरुवेट नावाचा पदार्थ तयार होतो. प्राणवायू कमी पडला की हे विकर त्याचे लॅक्टेट करते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकात असे दिसले की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू भरपूर असतानाही साखरेचे लॅक्टेट करत राहतात. श्वसनातल्या विकरावरील संशोधनासाठी त्यांना १९३१ चे नोबेल मिळाले. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत एलडीएच भरपूर असते. त्या गाठीतल्या पेशी मरू लागल्या, फुटू लागल्या की ते रक्तात उतरते. म्हणून गाठीचा पसारा मोठा, तेव्हा रक्तातले एलडीएच बहुधा जास्त.

याचे उलटे मात्र खरे नाही. एलडीएच शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. यकृत, हृदय, स्नायू, तांबड्या पेशी, यांतले काहीही फुटले की आकडा चढतो. मलेरियात तांबड्या पेशी फुटतात आणि एलडीएच वाढते. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ च्या तीव्र कमतरतेत तर ते कित्येक पट वाढते, आणि ती कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. विरार स्टेशनच्या पुलावरून खाली पाहिले की गर्दी आहे हे कळते. ती मेगाब्लॉकमुळे आहे, पावसाने गाड्या थांबल्यामुळे आहे की नवरात्रात जीवदानीला निघालेल्यांची आहे, ते पुलावरून कळत नाही. एलडीएचचेही तसेच आहे.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आपल्या भागात रक्त घेतले जाते एका ठिकाणी आणि तपासले जाते बऱ्याचदा दुसरीकडे. दंडातून रक्त ओढताना सुईत अडखळले, नळी हिंदकळली किंवा रक्तद्रव वेगळा करायला उशीर झाला, तर तांबड्या पेशी नळीतच फुटतात आणि त्यांतले एलडीएच द्रवात मिसळते. मग वाढ शरीरात नसते, नळीत झालेली असते. अहवालाच्या तळाशी लहान अक्षरांत "नमुना हिमोलाइज्ड" असे लिहिलेले असेल, तर तो आकडा बाजूला ठेवून पुन्हा रक्त द्यावे. शिवाय मोजण्याची पद्धत बदलली की सामान्य मर्यादाही बदलते. म्हणून एका प्रयोगशाळेचा जूनचा आकडा दुसरीच्या ऑगस्टच्या आकड्याशी ताडून "वाढले" किंवा "उतरले" म्हणू नये.

छातीतले पाणी

पहिल्या प्रश्नाच्या, म्हणजे रोग आहे का याच्या, थोडे जवळ जाणारी विकरे रक्तात नाही, छातीतल्या पाण्यात सापडतात. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठले की डॉक्टर सुईने ते काढून तपासायला पाठवतात. रिचर्ड लाइट यांनी १९७२ मध्ये मांडलेले निकष आजही वापरले जातात. त्यात पाण्यातले प्रथिन आणि एलडीएच यांची रक्तातल्या प्रमाणाशी तुलना करतात. पाणी हृदय किंवा मूत्रपिंडाच्या दुबळेपणामुळे पाझरले आहे, की आवरणालाच रोग झाला आहे, हे त्यावरून कळते. कर्करोग आणि क्षय दोन्ही दुसऱ्या गटात पडतात.

आपल्याकडचा खरा पेच इथे सुरू होतो. खोकला, वजन घटणे, बेडक्यात रक्त, छातीत पाणी ही लक्षणे दोन्ही रोगांत असतात, आणि क्षय घरोघरी ऐकलेला असतो. म्हणून जंतू सापडलेला नसतानाही क्षयाची औषधे सुरू होतात आणि कर्करोगाचे मोलाचे महिने निघून जातात, असे भारतातल्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवले आहे. हे टाळायला एडीए, म्हणजे ॲडिनोसिन डिॲमिनेज, हे विकर मदत करते. क्षयात आवरणाशी लढायला जमलेल्या पांढऱ्या पेशी ते मोठ्या प्रमाणात तयार करतात. पाण्यातले एडीए लिटरला ४० युनिटच्या वर असेल तर क्षयाचा संशय बळावतो. कर्करोगाच्या पाण्यात ते बहुधा कमी असते.

इथेही "बहुधा" हा शब्द सोडून चालत नाही. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात किंवा आवरणात पू झाल्यावरही एडीए चढते. म्हणून एडीए कमी आले आणि क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तर पाण्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या पाहिजेत. गरज पडल्यास आवरणाचा किंवा गाठीचा तुकडाही काढावा लागतो. कर्करोग आहे हे अखेर पेशी पाहूनच ठरते, विकराच्या आकड्यावरून नाही.

एनएसई: नाव चेतापेशीचे, काम गाठीचे

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये हल्ली 'ट्यूमर मार्कर' नावाची ओळ असते. फुप्फुसासाठी तिच्यात कधीकधी एनएसई असते. हे इनोलेज नावाच्या विकराचे एक रूप आहे. साखर फोडण्याच्या साखळीत इनोलेज सगळ्याच पेशींत काम करते, पण हे विशिष्ट रूप प्रामुख्याने चेतापेशींत आणि त्यांच्याशी गुणधर्म जुळणाऱ्या, संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींत आढळते. फुप्फुसाच्या कर्करोगाचा 'स्मॉल सेल' हा प्रकार अशाच पेशींचा असतो. जगभरात १०० पैकी सुमारे १५ रुग्णांना हा प्रकार होतो. त्याचा धूम्रपानाशी घट्ट संबंध आहे आणि तो वेगाने पसरतो.

स्मॉल सेलचे निदान तुकड्यावरून झाले असेल, तर एनएसईचा उपयोग आहे. रोगाचा पसारा जास्त तेव्हा ते जास्त असते, केमोथेरपी लागू पडली की उतरते आणि रोग उलटला की बरेचदा पुन्हा चढते. पण निरोगी माणसाने ते मोजून काही साधत नाही. लहान गाठीत ते सामान्य असू शकते. तांबड्या पेशी आणि रक्तबिंबिकांतही हे विकर असल्यामुळे फुटलेल्या नमुन्यात ते खोटेच चढते. सामान्य एनएसई म्हणजे फुप्फुस स्वच्छ, असे समजून कुणी रेंगाळलेल्या खोकल्याकडे दुर्लक्ष करत असेल, तर त्या तपासणीने त्याचे नुकसानच केले.

पुढे काय होईल

आता दुसरा प्रश्न. निदान झालेल्या रुग्णांचे दोन गट केले, एलडीएच वाढलेला आणि न वाढलेला, तर वाढलेल्या गटाचे आयुर्मान कमी असते. हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. प्रतिकारशक्तीला चालना देणारी नवी औषधे आल्यावरही ते टिकून राहिले. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका संशोधक गटाने, इतर देशांतल्या सहकाऱ्यांसह, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे एक गुणोत्तर आणि एलडीएच एकत्र करून फुप्फुसाच्या कर्करोगासाठी एक निर्देशांक मांडला. दोन्ही बिघडलेले असतील तर अशा औषधांचा फायदा कमी दिसला.

पण हे विधान गटाबद्दल आहे, समोर बसलेल्या माणसाबद्दल नाही. संशोधनात "मध्यक आयुर्मान १७ महिने" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ सतराव्या महिन्यापर्यंत निम्मे रुग्ण गेले आणि निम्मे हयात होते, एवढाच. हयात असलेल्यांत कुणी अठराव्या महिन्यात गेले, कुणी पाचव्या वर्षीही चालते-फिरते होते. आपला माणूस कोणत्या निम्म्यात आहे, ते एलडीएच सांगत नाही. आकड्यावरून घरी दिवस मोजणे हे शास्त्राच्या नावाखाली केलेले भविष्यकथन होय. डॉक्टर तो आकडा वापरतात ते इतर बऱ्याच गोष्टींबरोबर: रोगाचा टप्पा, रुग्ण स्वतःची कामे स्वतः करू शकतो का, वजन किती घटले.

भाकित सांगणारे विकर रोगाचे मूळ असेलच असेही नाही. मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे पेशींभोवतीचे कुंपण विरघळवतात आणि गाठीला पसरायला वाट करून देतात. ती जास्त तिथे रोग आक्रमक, असे दिसल्यावर त्यांना रोखणारी औषधे बनवली गेली. त्यातले मारिमास्टॅट हे स्मॉल सेलच्या रुग्णांत मोठ्या चाचणीत तपासले. २००२ मध्ये निष्कर्ष आला: आयुष्य वाढले नाही, सांधेदुखीसारखा त्रास मात्र वाढला. आगीच्या जागी धूर असतो, पण धूर पुसून आग विझत नाही.

ईजीएफआर: घडण बदललेले विकर

तिसऱ्या प्रश्नाचे, कोणते औषध लागू पडेल याचे, उत्तर मात्र एका विकराने खरोखर दिले. ईजीएफआर हे प्रथिन पेशीच्या भिंतीत रुतलेले असते. बाहेरचे टोक वाढीचा निरोप घेते. आतले टोक हे टायरोसिन कायनेज प्रकारचे विकर असते आणि तो निरोप पेशीच्या केंद्राकडे पाठवते. हा निरोप देणारे संप्रेरकासारखे प्रथिन शोधणारे स्टॅन्ली कोहेन यांना रिटा लेवी-मोंटालचिनी यांच्यासह १९८६ चे नोबेल मिळाले. निरोप आला तर चालू, नाहीतर बंद, असे हे दाराच्या घंटीचे बटण. काही गाठींत जनुकीय बदलामुळे या बटणाची घडणच बिघडते आणि कुणी न दाबता घंटा वाजत राहते.

या विकराला रोखणाऱ्या जेफिटिनिबसारख्या गोळ्या आधीच आल्या होत्या. काहींना त्यांचा आश्चर्यकारक गुण यायचा, बहुतेकांना काहीच नाही. गाठीत ईजीएफआर किती आहे ते मोजून याचा नीट उलगडा होईना. २००४ मध्ये बॉस्टनच्या दोन गटांनी विकराची घडण तपासली आणि कोडे सुटले. गुण येणाऱ्यांच्या गाठीत ते बदललेले होते. २००९ मध्ये पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांच्या चाचणीने हे पक्के केले. बदल असलेल्यांत गोळी केमोथेरपीपेक्षा सरस ठरली. बदल नसलेल्यांत तीच गोळी केमोपेक्षा खूपच वाईट ठरली. म्हणजे ही तपासणी न करता गोळी सुरू करणे हा निरुपद्रवी प्रयोग नाही. त्यात चांगला उपचार करण्याची वेळ वाया जाते.

भारतीय रुग्णांत हा बदल किती जणांत असतो? याचे उत्तर शोधण्यात आपल्या शेजारच्याच संस्था पुढे होत्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या शेजारी १९५२ मध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या नेतृत्वाखाली कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. डॉ. कमल रणदिवे यांनी तिथेच पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचे तंत्र रुजवले. या केंद्राचा वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत चालतो. ॲक्ट्रेक आणि टाटा रुग्णालयाच्या संशोधकांनी ॲडिनोकार्सिनोमा प्रकारच्या ९०७ भारतीय रुग्णांच्या गाठी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: २३ टक्क्यांत ईजीएफआरचा बदल. पाश्चात्त्य देशांतल्या गोऱ्या रुग्णांपेक्षा हे जास्त, पूर्व आशियापेक्षा कमी. कधीही धूम्रपान न केलेल्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. "आमच्या आईने आयुष्यात विडी पाहिली नाही, तिला कसा होईल?" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. फुप्फुसाचा कर्करोग बिगरधूम्रपान करणाऱ्यांनाही होतो, आणि नेमक्या त्यांच्यातच गोळीने आटोक्यात ठेवता येईल असा प्रकार सापडण्याची शक्यता जास्त असते.

टाटा रुग्णालयाने पुढचे पाऊल टाकले ते खर्च ध्यानात घेऊन. ईजीएफआर बदललेल्या ३५० रुग्णांत एका गटाला फक्त जेफिटिनिब आणि दुसऱ्याला जेफिटिनिबबरोबर केमोथेरपी दिली. दोन्ही औषधे जुनी आणि भारतात जेनेरिक स्वरूपात मिळणारी. २०२० मध्ये छापलेल्या निष्कर्षात फक्त गोळीच्या गटात रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ८ महिने होता, तर एकत्र उपचारात १६ महिने. फक्त गोळीच्या गटाचे मध्यक आयुर्मान १७ महिने भरले, तर दुसऱ्या गटात निम्म्याहून अधिक रुग्ण हयात असल्याने मध्यक काढताच आला नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र दुपटीने होते. ओसिमर्टिनिब हे नवे औषध एकटे असताना जुन्या गोळ्यांहून सरस आहे: एका जागतिक चाचणीत मध्यक आयुर्मान ३८.६ महिने, जुन्या गोळ्यांत ३१.८. ते महाग आहे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यावरची सीमाशुल्काची आकारणी रद्द झाली, तरी अनेक घरांना ते परवडत नाही. अशा घरांसाठी परळच्या चाचणीचा आधार मोलाचा आहे.

ईजीएफआर एकटे नाही. २००७ मध्ये जपानी संशोधकांना एएलके हे दुसरे कायनेज विकर असेच बिघडलेले सापडले. त्यावरही आता गोळ्या आहेत. अहवालात या दोन्हींपुढे "पॉझिटिव्ह" दिसले की घरचे हादरतात. त्यांना सांगावे लागते की कर्करोग तर आधीच ठरला आहे. हा पॉझिटिव्ह म्हणजे कुलपाला किल्ली सापडली आहे.

तुकडा जपा

या किल्लीचा शोध घ्यायचा तो गाठीच्या तुकड्यात. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. वसई-विरारमधून मोठ्या रुग्णालयात जाताना लोक अहवालाची झेरॉक्स घेऊन जातात आणि ब्लॉक जिथे तपासणी झाली तिथेच राहतो. मग दादरला उतरून परळ गाठलेल्या माणसाला तो आणायला परत यावे लागते किंवा दुसऱ्यांदा सुई सोसावी लागते. तुकडा टिचभरही नसतो. निदानाच्या तपासण्यांतच तो संपला तर ईजीएफआरसाठी काही उरत नाही. म्हणून बायोप्सीच्या आधीच विचारावे: "जनुकीय तपासणीला पुरेल एवढा तुकडा निघेल का?" आणि निघताना ब्लॉक व स्लाइड पावती करून सोबत घ्याव्यात. तुकडा काढणे शक्य नसेल तर रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनए तपासता येते. त्यात बदल सापडला तर उपयोगी, पण न सापडणे म्हणजे नसणे नव्हे.

खोकला तीन आठवड्यांवर गेला, बेडक्यात रक्त आले, क्षयाची औषधे घेऊनही वजन उतरतच राहिले, तर एनएसई मोजायला पैसे घालवू नयेत. छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास सीटी करावा. एलडीएचला बाण दिसला तर नमुना नीट होता का ते आधी पाहावे, आणि बाणावरून माणसाचे दिवस मोजू नयेत. कर्करोग ठरला असेल तर डॉक्टरांना तिसरा प्रश्न आवर्जून विचारावा: "ईजीएफआर आणि एएलके तपासले का? त्याचा अहवाल येईपर्यंत थांबायचे, की आधी केमो सुरू करायची?" फाइलमधल्या सगळ्या आकड्यांत उपचाराची दिशा बदलू शकेल असा कागद बहुधा हाच असतो.